कडांपर्यंत स्पष्ट

सोमवार, ४ मार्च

पाच आठवड्यांच्या खंडानंतर आज वहीत लिहीत आहे. या काळात लिहिण्यासारखे काही घडले नाही असे नव्हे. परंतु रुग्णालयाच्या बाकावर बसून लिहिलेले स्वतःचे अक्षर मला नंतर पाहवले नसते.

आज हिला घरी आणले. पक्षाघाताने उजवा हात आणि उजवा पाय गेले आहेत. मान फारशी वाकत नाही. वाचा आहे, पण शब्द सापडत नाहीत. सापडलाच तर शेजारचा सापडतो. 'खिडकी' म्हणायचे असते आणि 'दार' म्हणते. निघताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतले.

"पहिले तीन-चार महिने महत्त्वाचे, बरं का. बोलतं ठेवा त्यांना. काय बघून त्या आपणहून बोलतात ते शोधा आणि तेच द्या. एकदा गप्प बसायची सवय लागली की मग अवघड आहे सगळं."

वाक्ये सैल होती. आशय मात्र स्पष्ट होता.

काय पाहून ही बोलेल, हे मला शोधावे लागणार नाही. एकतीस वर्षे हिने रोगनिदानाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली. निवृत्तीच्या दिवशी तिथले जुने यंत्र हिला भेट मिळाले, तेव्हापासून घरात मुंगीचा पाय, मिठाचा कण, कांद्याचा पापुद्रा असे जे हाती येईल ते काचपट्टीवर ठेवून, "अहो, बघा तरी इकडे!" अशी हाक मारीत असे. मी बहुधा छापखान्याची मुद्रिते तपाशीत असे. आता हिला त्या यंत्रावर वाकता येणार नाही. ते कपाटावर झाकून ठेवले आहे.

दिवसासाठी एक परिचारिका ठेवली आहे. मला 'काका' म्हणते. हिला पहिल्या तासातच 'मावशी' म्हणू लागली. कामाला चोख आहे. बोलते फार.

बुधवार, ६ मार्च

चौकातल्या मोबाइलवाल्याने एक उपाय सांगितला. कपडे वाळत घालतो तसला एक चिमटा, आणि त्याला शर्टाच्या बटणाएवढे भिंग. ते मोबाइलच्या कॅमेऱ्यावर लावावयाचे. वस्तू बोटभर अंतरावर धरली की ती शेकडो पट मोठी होऊन टीव्हीच्या पडद्यावर दिसते. मान वाकवण्याचा प्रश्नच उरत नाही.

बाल्कनीच्या भिंतीवरचे शेवाळ नखभर खरवडून आणले. मोबाइल टीव्हीला परिचारिकेने जोडला. (मला ते जमत नव्हते असे नाही, घाई तिला होती.) पडद्यावर हिरवे काहीतरी उगवले, आणि ही पाच आठवड्यांत प्रथमच उशीवरून पुढे झाली.

"अगं बाई! जंगल! झाड... झाडं बघा, टोपी घातल्या झाडं!"

परिचारिकेने टाळ्या पिटल्या. मी पडद्याच्या कडा पाहत होतो. मध्यभागी तळहाताएवढा भाग तेवढा नेटका होता. त्यापलीकडे सगळे विरघळलेले, आणि प्रत्येक काडीला जांभळी-पिवळी किनार, जी शेवाळाला असत नाही.

मी हिला म्हटले, "टोपी घातलेली झाडे."

हिने माझ्याकडे पाहिले आणि पुढे काही बोलली नाही. दमली असावी.

एकतीस वर्षे जिने अस्सल भिंगांतून पाहिले, तिच्यापुढे असले चित्र ठेवणे म्हणजे न तपासलेले पुस्तक वाचकाच्या हाती देणे होय. उद्या परत करणार.

गुरुवार, ७ मार्च

"काका, बिघडलं का?" मोबाइलवाल्याने विचारले.

"बिघडलेले नाही. मुळातच चुकीचे आहे."

"अहो, सगळे हेच नेतात. आजपर्यंत एकानं परत आणलं नाही."

"त्यांनी कडा पाहिल्या नसतील."

"कडा कोण बघतं, काका? माणूस मधे बघतो!"

मी उभाच राहिलो, तेव्हा त्याने सुस्कारा टाकून संगणकावर एक पान उघडून दाखवले. परदेशात दोन भाऊ मोबाइलसाठी भिंगे घडवतात. प्लास्टिक नाही, काच. आणि प्रत्येक भिंग हाताने तपासून देतात. जाहिरातीत एकच ओळ होती: 'कडांपर्यंत स्पष्ट.' विशेषणे नाहीत, उद्गारचिन्ह नाही. ती ओळ वाचून या भावांवर माझा विश्वास बसला.

"पण ते इकडे पाठवत नाहीत," तो म्हणाला. "फक्त त्यांच्या देशात. तुम्हाला तिकडचा पत्ता भाड्यानं घ्यावा लागेल."

"पत्ता भाड्याने?"

"कंपन्या आहेत ना तसल्या. त्यांचं तिकडे गोदाम असतं, त्यातला एक कप्पा तुम्हाला देतात, नंबरचा. दुकानदार माल तिथे धाडतो, त्याला वाटतं तुम्ही तिथलेच. कंपनी तिथून उचलते आणि इकडे तुमच्या दारात आणून टाकते. फक्त नंबर चुकवू नका हां काका. तिथे नाव कुणी वाचत नाही. नंबर वाचतात."

मी परत केलेला चिमटा त्याने काउंटरवरच ठेवला. "असू दे इथेच. नेईल कुणीतरी."

सोमवार, ११ मार्च

आज भिंग मागवले.

पार्सल पुढे पाठवणाऱ्या कंपनीने मला पत्ता दिला. त्यात माझ्या आडनावाला चिकटवून सात अक्षरे व अंक यांचे एक जुडगे होते. मी कैदी नाही आणि कप्पाही नाही. बेचाळीस वर्षांत पाचशेहून अधिक पुस्तकांची मुद्रिते वाचली, त्यांतल्या मोजक्याच पुस्तकांत मुद्रितशोधक म्हणून माझे नाव छापले गेले. पण जिथे छापले गेले तिथे ते निर्दोष छापले गेले. शिवाय पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत गोदामाचा क्रमांक होताच. म्हणजे हे जुडगे अनावश्यक. ते काढून टाकले आणि पत्ता शुद्ध स्वरूपात त्या भावांना कळवला.

गोदाम ज्या शहरात आहे त्याच शहरात आमची मुलगी राहते. हा योगायोग. हिने टॅबवर त्या शहराचे नाव पाहिले आणि डाव्या हाताचे बोट त्यावर टेकवले.

"बब्बू."

मुलीचे ते लहानपणीचे नाव. मी टॅब बाजूला ठेवला.

या प्रकरणी वस्तुस्थिती लिहून ठेवावी हे बरे. सहा वर्षांपूर्वी मुलीने मला चार पानी पत्र लिहिले. तिने तिथेच लग्न करण्याचे ठरवले होते. निर्णयाबद्दल माझी तक्रार नव्हती, असे मी आजही म्हणतो. परंतु त्या चार पानांत सव्वीस चुका होत्या. मुद्रितशोधकाच्या मुलीने असे पत्र लिहावे याचे मला वाईट वाटले. सर्व चुका लाल पेन्सिलीने दुरुस्त केल्या, समासात कारणे दिली आणि पत्र परत पाठवले. तिला उपयोग व्हावा एवढाच हेतू होता. उत्तर आले नाही. हिच्याशी ती फोनवर बोलत असे. ही रुग्णालयात असताना तिने मला संदेश पाठवला: 'येऊ का?' मी कळवले की सर्व व्यवस्था झाली आहे. ते खरेच होते.

बुधवार, २० मार्च

व्यायाम घेणाऱ्या बाई आज आल्या होत्या. हिची प्रगती पाहून चकित झाल्या. "पंधरा दिवसांत एवढे शब्द! सकाळी काय करता काय तुम्ही मावशींबरोबर?"

ही आणि परिचारिका यांनी एकमेकींकडे पाहिले. मी बाईंना सांगितले की सकाळी आठ ते नऊ मी फिरावयास जातो. सराव सायंकाळी पाच ते सहा असतो. माझी पद्धत सोपी आहे. हिने एक वाक्य बोलावयाचे. चूक झाली की मी थांबवतो, शुद्ध रूप सांगतो आणि तेच वाक्य तीनदा म्हणवून घेतो. बाईंनी मान डोलावली. अलीकडे या तासात ही फार कमी बोलते आणि शब्द जपून वापरते. अचूकतेची जाणीव परत येत असल्याचे हे लक्षण आहे.

परिचारिकेला मात्र स्वच्छतेबद्दल बजावावे लागले. हिच्या अंथरुणात वाळूचे कण सापडतात. आज उशीखाली पतंगाचा एक पंख आणि कांद्याचा पापुद्रा होता.

"वाऱ्यानं आलं असेल, काका."

खिडकी बंद होती.

गुरुवार, २८ मार्च

भावांचे पत्र आले. भिंग गोदामात पोहोचले असून पोचपावतीवर सही आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर माझे खाते उघडून पाहिले. 'आपल्या नावे एकही पार्सल नाही.'

दिवसभरात नऊ वेळा पाहिले. नाही.

मंगळवार, २ एप्रिल

कंपनीशी लिखित संवाद झाला. पलीकडे माणूस होता की यंत्र, हे शेवटपर्यंत कळले नाही. मी मुद्देसूद तक्रार लिहिली. उत्तर आले: 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. कृपया आपला कप्पा क्रमांक सांगा.' मी नाव, गाव, पावतीची तारीख असे सर्व कळवले. उत्तर आले: 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. कृपया आपला कप्पा क्रमांक सांगा.'

शेवटी सांगितला. मग कळले की पार्सलवर क्रमांक नसल्यामुळे ते बेवारस मालाच्या फळीवर ठेवले आहे. खाते माझेच असल्याचा आणि माल माझाच असल्याचा पुरावा एका ठरावीक अर्जात भरून द्यावा. तीस दिवसांत दिला नाही तर माल निकालात काढतात.

त्या अर्जात पहिल्याच रकान्यात लिहिले आहे: 'आपली चूक थोडक्यात नमूद करा.'

मी त्यांना सहा मुद्द्यांचे पत्र लिहिले. जी खूण मालकाच्या नावाहून महत्त्वाची ठरते, ती नावाच्या शेपटाला बांधावी ही मांडणीच सदोष आहे, हा पहिला मुद्दा. अर्ज भरला नाही.

बेवारस हा शब्द दिवसभर डोक्यात राहिला.

सोमवार, ८ एप्रिल

कंपनीकडून उत्तर: 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.'

आज सायंकाळच्या सरावात हिने मी दिलेले वाक्य बाजूला सारले आणि आपलेच वाक्य बोलली. "बब्बूला... सांगा ना. तिथंच तर आहे ती. जाईल. आणील."

मी म्हटले, "तिला त्रास देण्याचे कारण नाही."

"त्रास कसलं? लेक आहे."

"'कसला.' त्रास हा शब्द पुल्लिंगी आहे."

हिने डोळे मिटले. पाच वाजून बारा मिनिटे झाली होती. सराव तेथेच थांबवावा लागला.

परिचारिका कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी न करताच एक चादर तिने कपाटात कोंबली आणि दार आपटले. ही तिची पद्धत नव्हे.

सोमवार, १५ एप्रिल

आज जे घडले ते जसेच्या तसे लिहितो.

सकाळी कंपनीचे पत्र आले. 'स्वतःस आपली कन्या म्हणवणारी एक व्यक्ती गोदामात उपस्थित आहे. पार्सलचे वर्णन तिने अचूक सांगितले आहे. पार्सल तिच्या हाती देण्यास आपली संमती आहे का?' खाली दोन चौकटी होत्या: होय आणि नाही.

'स्वतःस म्हणवणारी' हे मला खटकले. ती माझी मुलगी आहे यात शंका नाही.

तिला हे कोणी कळवले, हा पहिला प्रश्न. हिला मोबाइल धरता येत नाही. परिचारिकेकडे पाहिले, तर ती खिडकीबाहेर पाहत होती.

दुसरा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर या वहीत तरी खरे द्यावे. गोदामाच्या त्या खिडकीपाशी तिला सांगितले गेले असणार की माल अडकला, कारण मागवणाऱ्याने पत्ता अपुरा लिहिला. ती तिथे उभी आहे, माझ्या चुकीचा कागद तिच्या हातात आहे, आणि कदाचित ती हसतही असेल. सव्वीस चुकांच्या बदल्यात ही एक. सहा वर्षे गप्प राहणाऱ्या मुलीच्या हातून माझी दुरुस्ती होऊन येणार, हे मला सहन होईना.

'नाही' या चौकटीत खूण केली. खाली लिहिले: 'हा व्यवहार सर्वस्वी माझा आहे. माझ्या वतीने काही करण्याचा अधिकार मी कोणासही दिलेला नाही.' दोन वाक्ये, दोन्ही निर्दोष.

पाठवल्यावर लाल पेन्सिलीला टोक केले.

मंगळवार, १६ एप्रिल

सकाळी फिरून आलो तो ही जागी, आणि डोळे सुजलेले. मी खुर्ची ओढून बसलो. हिने माझ्याकडे सरळ पाहिले आणि म्हणाली,

"तुम्ही तिला दारातून परत पाठवलंत. पुन्हा."

आजारानंतर हिचे हे पहिले संपूर्ण वाक्य. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळे जागच्या जागी. 'दारातून' म्हणाली. या वेळी हिला दारच म्हणावयाचे होते.

सायंकाळी पाच ते सहा काहीही बोलली नाही.

बुधवार, २४ एप्रिल

आठ दिवस सराव बंद आहे. मी समोर बसतो, ही भिंतीकडे पाहते. सकाळी घरातून निघताना खोलीत आवाज असतात, परतताना नसतात. डॉक्टर म्हणाले होते, एकदा गप्प बसायची सवय लागली की अवघड. ती सवय लागली असावी. तीस दिवसांतले बावीस आज संपले.

अर्ज भरला. 'आपली चूक थोडक्यात नमूद करा' या रकान्यात लिहिले: 'पत्त्यातील क्रमांक अनावश्यक समजून मी काढून टाकला.' अकरा वेळा वाचून पाहिले. वाक्यात दुरुस्तीला जागा नव्हती. मग नावाच्या जागी माझे नाव लिहिले आणि त्याला ते सात अक्षरांचे जुडगे चिकटवले.

दोन मिनिटांत उत्तर आले. 'आपले पार्सल सापडले आहे.'

दोन मिनिटांत. पंधरा तारखेस 'होय' म्हटले असते तर आजपर्यंत घरी आले असते.

शनिवार, ४ मे

पार्सल आपल्या देशात आले आहे. कस्टममध्ये अडले. वस्तूचे वर्णन आणि उपयोग लिहून मागतात. वर्णन लिहिले. 'उपयोग' या शब्दापुढे काय लिहावे ते बराच वेळ सुचले नाही. शेवटी लिहिले: 'घरगुती.'

गुरुवार, ९ मे

भिंग आले.

खोक्यात खोके, त्यात कापडी पिशवी, पिशवीत भिंग. पितळी कडे, जड, गार. चिमटा नाही, माझ्या मोबाइलच्या मापाचे एक कवच सोबत आहे, त्यावर ते आटे फिरवून बसते. भावांनी हाताने लिहिलेली एक चिठ्ठी होती: 'कडांपर्यंत स्पष्ट. स्वतः पाहून खात्री करा.'

बाल्कनीच्या त्याच भिंतीवरचे शेवाळ घेतले. टीव्ही मी स्वतः जोडला. त्यास चाळीस मिनिटे लागली. मग चित्र आले. इतके शुद्ध चित्र मी आयुष्यात पाहिले नव्हते. पानापानातली पेशी न् पेशी, प्रत्येकीची भिंत रेखलेली. डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत कोठेही धूसर नाही, कोठेही जांभळी किनार नाही.

"पाहा," मी म्हटले.

हिने पाहिले. "छान आहे."

कोणी आपल्या घरातली नवी खुर्ची दाखवली की म्हणतो, तसे म्हणाली. व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष वाक्य.

"आणखी काही दाखवू? मीठ? पंख?"

"नको. दमले मी."

परिचारिका आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत उभी होती. मी पडदा बंद केला. हिच्या डोळ्यांत काही दोष उत्पन्न झाला असावा, डॉक्टरांना विचारावे.

शुक्रवार, १० मे

डोळ्यांत दोष नाही.

सकाळी फिरावयास निघालो आणि कोपऱ्यापर्यंत गेल्यावर आठवले की चष्मा घरी राहिला. परत फिरलो. किल्लीने दार उघडले. आतल्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. ते हिचे हसणे होते. मी विसरलो होतो की ही हसताना आधी एक उचकी देते.

मी बोळात थांबलो. दार अर्धे उघडे होते. टीव्हीवर एक प्रचंड तांबडा डोंगर होता. मध्ये तळहाताएवढा भाग ठीक, बाकी सगळे विरघळलेले, कडांना जांभळी-पिवळी किनार. परिचारिकेने आपला मोबाइल धरला होता आणि त्यावर तो चिमटा होता. मी परत केलेला तोच. शेजारी टेकून ठेवलेल्या टॅबमधून मुलीचा आवाज येत होता.

"डोंगर पेटलाय का गं, आई?"

"चूक! परत... परत ओळख."

"गाजर?"

"गाजर म्हणे!" परिचारिका म्हणाली. "ताई, आज तुम्ही हरणार. दोन महिने रोज जिंकताय, आज हरणार."

"थांब गं जरा. तांबडं आहे... टोक आहे..." मग मुलगी एकदम थांबली. "बाबांची पेन्सिल."

"बरोब्बर! पेनशील!" ही पुन्हा उचकी देऊन हसली. "फिरायला गेला... गेले, की चोरली."

"अजून आहे ती?"

"आहे ना. टोक करतेत. रोज करतेत."

"आता कशाला? आता काय तपासायचं असतं त्यांना?"

मी हिच्या बोलण्यातल्या चुका मोजत होतो. सवय आहे. पाचपर्यंत आलो होतो. तेवढ्यात ही म्हणाली,

"वाट... बघतात."

त्यानंतर आकडा कुठे राहिला ते मला सांगता येणार नाही. मग मुलगी म्हणाली, "चल, पुढचं दाखव, आई."

आत जाता आले असते. तीन पावलांचे अंतर होते. परंतु मी स्वतःला ओळखतो. आत गेलो असतो तर पहिल्या मिनिटाला गप्प राहिलो असतो, दुसऱ्या मिनिटाला काहीतरी दुरुस्त केले असते.

चष्मा न घेताच बाहेर आलो. दार आवाज न करता ओढून घेतले. जिन्याच्या वळणावर पायरीवर बसून राहिलो. नऊ वाजता वर गेलो आणि किल्ली खिशात असताना घंटा वाजवली. आत काहीतरी लगबग झाली. मग परिचारिकेने दार उघडले. टीव्ही काळा होता. ही डोळे मिटून पडली होती. पेन्सिल माझ्या टेबलावरच्या पेल्यात होती, टोक खाली. मी टोक वर ठेवतो.

सोमवार, १३ मे

परिचारिकेला भिंग दिले. "तुमच्या मोबाइलला बसते का ते पाहा."

तिचा चेहरा उतरला. "माझ्या? माझ्या कशाला, काका?"

"सहज."

बसले नाही. कवच माझ्याच मोबाइलच्या मापाचे आहे; दुसऱ्या कशाला ते बसत नाही. ती आटे फिरवून थकली आणि बोलून गेली, "जाऊ द्या काका, साध्या चिमट्याचं बरं असतं, कशालाही..." आणि जीभ चावली. मी ऐकले नाही असे दाखवले.

"मग सकाळी माझाच मोबाइल येथे ठेवून जात जाईन."

"नको," ही पलंगावरून म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्हाला लागेल. फोन येईल कुणाचा."

मला कोणाचा फोन येत नाही. हे हिला ठाऊक आहे.

दुपारी व्यायाम घेणाऱ्या बाई येऊन गेल्या. हिचे बोलणे अपेक्षेपेक्षा पुष्कळ पुढे गेले आहे म्हणाल्या. "काका, जे काय करताय ना, ते अजिबात सोडू नका." पाच ते सहाचा सराव मी रद्द केला असल्याचे त्यांना सांगितले नाही.

भिंग कापडी पिशवीत घालून, खोक्यात ठेवून, कपाटावर सूक्ष्मदर्शकाशेजारी ठेवले आहे.

उद्यापासून सकाळची फेरी अर्ध्या तासाने वाढवीत आहे. साडेनऊला परतेन. जिन्याच्या वळणावर मोठ्याने खोकेन, आणि मग शंभर अंक मोजून वर जाईन.